रांदोरी : पडायला शिकवणारी लढत

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. एकाने फूटपट्टी वरच्या टोकाशी धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ, पट्टीला न लागता, अंगठा व तर्जनी तयार ठेवावी. पट्टी अचानक सोडली की ती पकडायची. ती बहुधा २० सेंटीमीटरच्या आसपास पकडली जाते. एवढे अंतर पडायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहणे, मेंदूने हुकूम देणे आणि स्नायू हलणे यांत हा वेळ जातो. सरावाने तो थोडा घटतो, पण लवकरच मर्यादा येते.

आता 'एक, दोन, तीन' असे तालात म्हणून तीनला पट्टी सोडा. अंतर बरेच कमी भरेल. मज्जातंतूंचा वेग वाढलेला नाही. पट्टी कधी सुटणार याचा अंदाज आधीच आला.

लढतीतही कसलेला खेळाडू अशा अंदाजावरच बराच विसंबतो. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याचा कल, पावलावर सरकणारा भार, पकडीतला ताण यांवरून तो पुढचा डाव ओळखतो. ठरलेले डाव घोटून हे पुरेसे येत नाही, कारण तिथे साथीदार काय करणार हे ठाऊकच असते. त्यासाठी मनाप्रमाणे वागणारा प्रतिस्पर्धी हवा. पण रोज मोकळी लढत केली, तर हातपाय शाबूत कसे राहणार?

जिगोरो कानो यांनी यावर उपाय काढला. १८८२ मध्ये टोकियोतील एका देवळात त्यांनी कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूतील ठोसे, लाथा त्यांनी 'काता' म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावापुरत्या ठेवल्या. 'रांदोरी' या मोकळ्या लढतीत फेकणे, दाबून धरणे असे डाव राहिले. विद्यार्थी आधी पडायला शिकतो. पडताना हात जमिनीवर सपाट आपटला, की आघात मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. हार मानायची तर दोनदा थोपटायचे. पकड लगेच सुटते. धोक्याचे डाव वगळल्यामुळेच उरलेले डाव रोज पूर्ण जोराने करता येतात.

कानो पेशाने शिक्षक होते. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या उच्च विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. फळ्यावरचे गणित उतरवून घेणे हा काता, तर न पाहिलेले उदाहरण सोडवणे ही रांदोरी. अशी उदाहरणे वर्गात रोज द्यावीत. मात्र त्यांतल्या चुकांचे गुण कापू नयेत.