तोंड आले आहे? ताप, खोकला आणि डोळेही पाहा

मुलाचे तोंड आले की ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचे पाणी पाजले जाते आणि विषय तिथेच संपतो. पोट बिघडल्याने, जीवनसत्त्वे कमी पडल्याने किंवा गाल चावला गेल्यानेही तोंड येते. पण सोबत सर्दी, खोकला आणि ताप असेल तर कारण बहुधा विषाणू असतो.

मोठ्या माणसांना तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात. त्याला आपण ‘जर फुटला’ म्हणतो. याचा विषाणू शरीरात आधीच दडून असतो आणि तापाने अंग खचले की वर येतो. ७ ते १० दिवसांत फोड सुकतात. तोवर बाळाचा मुका घेऊ नये, टॉवेल व पेला वेगळा ठेवावा.

लहान मुलांत मात्र गोवर विसरून चालणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतील गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली आणि लहान मुले दगावली. गोवर श्वासावाटे पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. एका खोलीच्या घरात तो भराभर पसरतो.

सुरुवात साध्या सर्दीसारखीच होते : ताप, खोकला, नाक वाहणे, डोळे लाल होणे. २-३ दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला, दाढांजवळ, रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. त्यानंतर कानामागून व चेहऱ्यावरून लाल पुरळ अंगभर उतरते. पुरळ येण्याआधी ४ दिवस आणि नंतर ४ दिवस मूल इतरांना आजार देऊ शकते.

गोवर हा देवीचा कोप नाही. ‘डॉक्टरकडे नेले तर गोवर आत जाईल’ ही समजूत मुलाच्या जिवावर बेतते. तोंड आल्याने मूल खात-पीत नाही, अंगातले पाणी कमी होते, त्यात न्यूमोनिया किंवा जुलाब जडतात. म्हणून ठिपके किंवा पुरळ दिसताच आशाताईंना कळवा आणि सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. त्याने डोळे आणि जीव दोन्हींचा धोका कमी होतो.

घरी काय करावे?
• अंगावरचे दूध थांबवू नका.
• पेज, मऊ वरण-भात, ताक, ओआरएस थोडे थोडे द्या. तिखट, आंबट, गरम टाळा.
• मोठ्या मुलांना कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरू द्या.
• मनाने अँटिबायोटिक किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

धाप लागणे, पाणीही न पिणे, लघवी कमी होणे, झटका किंवा गुंगी : यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. मोठ्या माणसाची जखम २ आठवड्यांत भरली नाही, विशेषतः मिश्री-तंबाखूची सवय असेल, तर कॅन्सरची तपासणी करून घ्या.

गोवर-रुबेलाची लस मोफत आहे : पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहून गेला असेल तर ५ वर्षांपर्यंत देता येतो. अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर भागात गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबे येतात. या स्थलांतरात मुलांचे डोस चुकतात. लस कोणत्याही गावात मिळते, कार्ड हरवले असले तरी मिळते. आपल्या मुलाचे कार्ड आज पाहा आणि शेजारच्या कोपीतल्या आईलाही हे सांगा.