सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात

पोलादाच्या सळईची ताकद किती, असं विचारलं तर अभियंता एक आकडा सांगतो. तो यूटीएमवर, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर काढलेला असतो. सळईची दोन्ही टोकं जबड्यांत धरायची आणि ती तुटेपर्यंत सावकाश ओढत राहायचं. चांगली काही मिनिटं लागतात. पूल, इमारती, पाण्याच्या टाक्या यांचं काम या आकड्यावर निभतं. पण मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचणीत मोटार ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळते, तेव्हा पुढच्या सांगाड्याला मिनिटं मिळत नाहीत. सगळी मोडतोड सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात आटोपते. गोळी चिलखतावर बसते तेव्हा तर हिशेब मायक्रोसेकंदांत करावा लागतो. एवढ्या घाईत तेच पोलाद वेगळं वागतं. कसं, ते मोजण्याची युक्ती शोधण्यात एका बापलेकाचा मोठा वाटा आहे.

यातले वडील जॉन हॉपकिन्सन हे मँचेस्टरचे. 1872 मध्ये त्यांनी लोखंडी तारा वरून टांगल्या, खालच्या टोकाला पकड बसवली आणि तारेवरून घसरत येणारं वजन त्या पकडीवर आदळू दिलं. जड वजनाने तार लवकर तुटेल, अशी कुणाचीही अपेक्षा असणार. दिसलं ते निराळंच: तार तुटणार की नाही हे वजनापेक्षा ते किती उंचीवरून पडलं, म्हणजे किती वेगाने आदळलं, यावर ठरत होतं. शिवाय घाव खाली बसूनही तार कित्येकदा वर, टांगलेल्या टोकाशी तुटायची. कारण घावाची खबर सगळ्या तारेला एकदम लागत नाही. ती लाटेसारखी धावते, लोखंडातून सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर. पक्क्या टोकावर आपटून ती परतते तेव्हा जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि तिथला ताण दुप्पट होतो. आदळण्याच्या अभ्यासाचा पायाच या निरीक्षणात आहे, असं मला वाटतं.

1898 मध्ये आल्प्समध्ये चढाई करताना जॉन आणि त्यांची तीन मुलं दगावली. मागे राहिलेल्यांपैकी एक मुलगा, बर्ट्रम, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो कायदा शिकला होता. वकिली सोडून तो वडिलांच्या क्षेत्रात आला आणि 1903 मध्ये केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाला. त्याने वडिलांचे प्रयोग पुन्हा केले. नेहमीच्या चाचणीत ज्या ताणाला तार तुटते, त्याहून जास्त ताण ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता सोसून जाते, हे त्याने 1905 मध्ये दाखवलं.

त्याची खरी कमाल 1914 ची. स्फोटाचा दाब मोजायचा कसा? तिथे ठेवलेलं उपकरणच उडून जाणार. बर्ट्रमने पोलादाचा लांब दांडा दोऱ्यांनी आडवा टांगला, एका टोकाशी स्फोट घडवला आणि दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा छोटा तुकडा नुसत्या चुंबकाच्या ओढीने चिकटवला. दाबाची लाट सांधा ओलांडून तुकड्यात शिरते, मोकळ्या टोकावरून ओढीची लाट होऊन परतते आणि ओढ न सोसणारा सांधा सुटतो. कॅरमच्या पटावर चिकटून रांगेत लावलेल्या सोंगट्यांना एका टोकाला स्ट्रायकर मारला की शेवटची सोंगटी सुटून पळते, तसा हा तुकडा आपल्या वाट्याचा संवेग घेऊन निघतो. वेगवेगळ्या लांबीचे तुकडे लावून बर्ट्रमने दाब जास्तीत जास्त किती होता आणि किती वेळ टिकला, हे काढलं. विजेवर चालणारं एकही मोजमाप न वापरता! 1918 च्या ऑगस्टमध्ये स्वतः विमान चालवत असताना अपघातात तो गेला.

दाब क्षणाक्षणाला कसा चढला-उतरला, हे मात्र त्याच्या दांड्याला सांगता येत नव्हतं. आर. एम. डेव्हिस यांनी 1948 मध्ये दांड्याला विद्युत मापन जोडून ती उणीव भरून काढली. पुढच्याच वर्षी हर्बर्ट कोल्स्की यांनी दांडा मधोमध दुभागला आणि तपासायच्या पदार्थाची पातळ चकती त्या फटीत ठेवली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ‘हॉपकिन्सन बार’ म्हणून आहे ते याच मांडणीचं रूप.

दाबलेल्या वायूच्या जोरावर छोटा पोलादी दंडगोल पहिल्या दांड्यावर आदळवतात. तो 20 सेंटिमीटर लांब असेल तर उठणारी लाट जेमतेम 80 मायक्रोसेकंद टिकते. ती चकतीपाशी पोचते. काही भाग परत फिरतो, काही चकती दाबत पलीकडच्या दांड्यात जातो. परतलेली लाट सांगते की चकती किती वेगाने चेपली, पलीकडे गेलेली सांगते की तिने किती जोर धरला. दोन्ही दांड्यांवर, चकतीपासून लांब चिकटवलेल्या स्ट्रेन गेजनी, म्हणजे दांड्याचं सूक्ष्म आकुंचन-प्रसरण मोजणाऱ्या पट्ट्यांनी, या लाटा टिपल्या जातात. चकतीला हातही न लावता तिची सगळी कहाणी कळते! यूटीएमवर दहा टक्के चेपायला शंभर सेकंद घेणारा नमुना इथे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात तितकाच चेपतो.

काम मात्र नाजूक आहे. चकती जाड असली तर तिच्या एका बाजूला घाव पोचलेला आणि दुसरी अजून निवांत, अशी स्थिती होते. टोकांना वंगण नसेल तर घर्षणच ताकद म्हणून मोजलं जातं. दांड्याच्या तोंडाशी तांब्याची छोटी चकती ठेवून लाटेचा चढ सौम्य करावा लागतो.

या चाचण्यांतून दिसतं की साधं मऊ पोलाद अशा वेगात दुप्पट जोरापर्यंत किंवा त्याहूनही पुढे नमत नाही. काही अॅल्युमिनियम मिश्रधातूंना मात्र वेगाचा फारसा फरक पडत नाही. धातू चेपताना उष्णता निर्माण होते आणि इथे तिला बाहेर पडायला वेळच नसतो. त्यामुळे एखाद्या अरुंद पट्ट्यात धातू तापतो, मऊ होतो आणि तिथेच घसरतो. आंरी त्रेस्का यांनी एकोणिसाव्या शतकातच प्लॅटिनमचा दांडा वाफेच्या घणाखाली घडवताना तिरप्या रेषा उजळून उठताना पाहिल्या होत्या. 1983 मध्ये जॉन्सन आणि कुक यांनी ताण, वेग आणि तापमान एका सूत्रात बसवलं. संगणकावर टक्कर घडवून पाहताना अशीच सूत्रं वापरतात, आणि त्यांतले स्थिरांक बहुतेक वेळा हॉपकिन्सन बारवरूनच येतात.

काँक्रीटचा वाद अजून मिटलेला नाही. जोरदार घावात त्याची दाब सोसण्याची ताकद झपाट्याने वाढलेली दिसते. पण त्यातला काही भाग काँक्रीटचा नसतोच: चेपणाऱ्या नमुन्याला बाजूंना फुगायचं असतं, तेवढी फुरसत मिळत नाही आणि त्याचं स्वतःचंच जडत्व त्याला आवळून धरतं. नमुना मोठा घेतला तर हा परिणाम वाढतो. संगणकातलं प्रारूप जडत्वाचा हिशेब मुळातच करतं. त्यात बारवर दिसलेली सगळी वाढ पुन्हा पदार्थाच्या नावावर घातली, तर एकच ताकद दोनदा मोजली जाते आणि स्फोट सोसण्यासाठी बांधायची भिंत कागदावर आहे त्याहून भक्कम दिसते.