लाभांडीच्या भाताला अंधार हवा

रायपूरच्या समता कॉलनीत पाहुणा म्हणून उतरलं की चहाच्या पाठोपाठ प्लॉटच्या भावाचा विषय निघतो. शेजारच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जा, तिथेही तेच. कोणाच्या मुलाने कुठे फ्लॅट घेतला, याची उजळणी चालू असताना लाभांडीचं नाव दोन-तीनदा आलं. समोर कृषी विद्यापीठाची शेतं, म्हणजे हवा कायमची मोकळी, हे त्यातलं पालुपद. त्या शेतांना हा शेजार कितपत मानवतो ते बघावं, म्हणून मी जी. ई. रोडने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले.

अधिकृत इतिहास दोन ओळींचा. 1961 साली इथे कृषी महाविद्यालय निघालं, 20 जानेवारी 1987 ला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय झालं. त्याहून रंगतदार आहेत डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया. परदेशी बुटके भात घाईने आणायला विरोध केला म्हणून कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचं संचालकपद गमावलेला हा माणूस सत्तरच्या दशकात रायपूरला आला आणि गावोगाव फिरून भाताचं बियाणं गोळा करत सुटला. 19 हजारांवर नमुने जमले. आज विद्यापीठाच्या संग्रहात 23 हजारांहून जास्त आहेत. 2002 मध्ये सिंजेंटा कंपनीशी या संग्रहावरून करार होतोय म्हटल्यावर छत्तीसगडमध्ये रान उठलं आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

बियाणं शीतगृहात ठेवलं म्हणजे काम संपलं, असं आपल्याला वाटतं. पण तिथेही ते हळूहळू मरतच असतं. उगवण घटायला लागली की मातीत टाकून नवं बी धरावं लागतं. एकेका वाणाच्या चार-दोन ओळी, प्रत्येकीला चिठ्ठी. ऑक्टोबरातल्या उन्हात कमरेत वाकलेली एक मजूर बाई त्या ओळींतून चालत होती. कुठे पातीचा बुंधा जांभळा, कुठे नको तिथे दाण्याला कुसळ. तिचा हात तिथे बरोबर थांबे आणि भेसळीचं रोप मुळासकट बाहेर येई. मला दहा मिनिटं बघूनही सगळा भात सारखाच दिसत होता.

ज्या गोष्टीत मी अडकले ती मात्र भाताच्या अंगातच असते. जुने गावरान वाण बरेचसे रात्र मोजतात. पावसाळा सरताना रात्र लांबत जाते, पानाला तो अंधार कळतो आणि मग लोंबी धरते. जूनमध्ये पेरा की जुलैत, असा वाण साधारण एकाच सुमारास फुलतो. अंधारात मध्येच उजेड शिरला तर त्याची मोजणी बिघडते. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स, त्याने सहसा बिघडत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली मात्र दहा-वीस लक्स सहज असतो, आणि संवेदनशील वाणाला थोडेसे लक्सही पुरतात. खांबाजवळचा पट्टा हिरवागारच राहतो, पलीकडचा माना टाकून कापणीला येतो. वहीत नोंद होते: वाण उशिरा फुलणारा. कोणी खोटं लिहिलेलं नसतं, तरी नोंद खोटी ठरते.

सांडपाण्याचं आणखी वेगळं. काळ्या कन्हार मातीत इथे 1999 पासून एक प्रयोग चालू आहे: त्याच वाफ्यांत दरवर्षी आधी भात, मग गहू, आणि ठरलेली खतं. एका वाफ्याला मुद्दाम काहीच द्यायचं नाही. अशा प्रयोगाशेजारून वसाहतीचं गटार तुंबून वाहिलं, तर साबण आणि मैल्यातलं नत्र-स्फुरद त्या उपाशी वाफ्याला फुकटात मिळेल. पुढची वीस वर्षं नेमानं खत तोलूनही ती चूक निघणार नाही.

म्हणून अशी शेतं बांधकामाला मागताना ‘दुसरीकडे दुप्पट जमीन देऊ’ म्हटलेलं ऐकलं की मला राग येतो. शहराबाहेरच्या मुरमाड भाठ्यावर दोनशे एकर दिले तरी कन्हारातली ही वर्षं तिथे नेता येत नाहीत. हैदराबादला राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठाची 100 एकर जागा नव्या उच्च न्यायालयासाठी देण्यात आली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तरी मार्च 2024 मध्ये पायाभरणी झालीच. 2025 मध्ये हैदराबादच्याच कांचा गच्चीबावलीच्या 400 एकरांवर बुलडोझर फिरायला लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला हात घालावा लागला. जमीन घेतली की निदान भांडण तरी होतं. उजेड कुंपणावरून येतो, त्याचा सातबारा नसतो.

फ्लॅट घेणाऱ्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याने कर्ज काढलंय, त्याची मुलगी शिकवणीहून रात्री आठला परतते. उपाय अगदीच नाहीत असंही नाही: दिव्याला शेताकडच्या बाजूने झाकण, कुंपणालगत झाडांचा पट्टा. जपानच्या यामागुची विद्यापीठाने तर भाताला कमी त्रास देणारा रस्त्यावरचा एलईडी दिवाही तयार केलाय. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर भिंतीकडचे दिवे मंद ठेवा, असं सोसायटीच्या सभेत मांडून बघा. नेमक्या त्याच महिन्यांत साप निघतात, गणपती असतात, नवरात्र असतं. मांडणाऱ्याला त्याचं स्वतःचं एक मत पडेल. मी तिथे राहत असते तर माझं दुसरं पडलं असतं, अशी खात्री मला देता येत नाही.