विश्लेषण : कामगार कवितेचा विषय होता, कवी कसा झाला?

नारायण सुर्वे यांचा जन्म १९२६ चा मानला जातो. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, कष्टकरी वर्गाला मराठी कवितेत स्वतःचा आवाज कसा मिळाला, याचा आढावा.

सुर्वेंपूर्वी कामगार कवितेत नव्हता?

होता. केशवसुतांनी ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ लिहिली. मात्र लिहिणारे शिक्षक होते, मजूर नव्हे. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत बायकोला गावी ठेवून मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह आहे. गिरणगावात घरोघरी हीच कथा होती.

सुर्वेंनी काय बदलले?

गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने या अनाथ मुलाला वाढवले. नारायण सुर्वेंनी गिरणीत काम केले, ते शाळेत शिपाई झाले आणि नंतर शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत कामगार स्वतः ‘मी’ म्हणून बोलतो. तो कणव मागत नाही, हक्क सांगतो. चाळीतली, नाक्यावरची बोली तो शुद्ध करून घेत नाही.

‘कामगार’ म्हटले की सारे एक?

नाही. गिरण्यांतही जात होती. विणकाम खात्यात धागा तोंडाला लावावा लागे, म्हणून जास्त मजुरीच्या त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपावेळी हा प्रश्न मांडला होता. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) जातीचा हा दाह आणि गिरणीच्या हजेरीपटावर कधीच नसलेली माणसे कवितेत आणली. तिथे युनियन नव्हती, पगाराचा दिवसही नव्हता.

आज ही कविता कुठे आहे?

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, अनेक जागांवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घरपोच जेवण पोहोचवणारा तरुण हे आजचे कष्टकरी. त्यांना एकत्र बोलावणारा भोंगा नाही आणि सभा भरेल असे गिरणीचे फाटकही नाही. शाहिराला श्रोते त्या फाटकावर मिळत. आजच्या कष्टकरी कवीला आधी आपले श्रोते शोधावे लागणार आहेत.