डी९० की डी३५००? आठवणी टिपायला कोणता कॅमेरा घ्यावा

वर्धा जिल्ह्यात आम्ही काही कार्यकर्ते सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन ज्येष्ठांच्या मुलाखती घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे नागपूरला गेले होते, त्यांच्या. वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. कोण कसे गेले, सोबत काय शिदोरी होती, परत आल्यावर घरातले देव कुठे नेऊन सोडले, हे सगळे त्यांच्याच तोंडून ऐकायचे असते. त्या दिवशी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या बरीच पुढे आहे. त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रश्न आमच्यासाठी हौसेचा राहिलेला नाही.

आमच्याकडे दोन कॅमेरे आहेत. पहिला निकॉन डी९०, एका निवृत्त गुरुजींनी आपल्याकडचा दिलेला. दुसरा निकॉन डी३५००, वर्गणी काढून घेतलेला, तोही वापरलेलाच. डी९० जाहीर झाला ऑगस्ट २००८ मध्ये, डी३५०० ऑगस्ट २०१८ मध्ये. म्हणजे बरोबर दहा वर्षांचे अंतर. आता दोन्ही सेकंडहँडच मिळतात. बैठकीत तरुण पोरे हमखास विचारतात, "दादा, जुना घेऊ की नवा?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. डी९० जुना असला तरी तो त्या काळचा मधल्या वर्गातला कॅमेरा होता. डी३५०० नवा असला तरी सुरुवात करणाऱ्यांसाठी बनवलेला, सगळ्यात खालच्या पायरीवरचा. त्यामुळे नव्यात सगळेच जास्त असेल असे समजू नका. डी९० ला बोटाजवळ आणि अंगठ्याजवळ अशी दोन चाके आहेत, वर छोटा पडदा आहे, डोळा लावून बघायची खिडकी मोठी आणि उजळ आहे. डी३५०० ला एकच चाक. फोकसची यंत्रणा तर दोघांत जवळपास तीच आहे: ११ बिंदू, त्यांतला फक्त मधला बिंदू जास्त भरवशाचा. मागचा पडदाही दोघांचा तीन इंचांचा. दहा वर्षांत एवढीच प्रगती, असे म्हणायचा मोह होतो. पण फरक आहे, तो आत आहे.

डी९० चा फोटो १२.३ मेगापिक्सेलचा, डी३५०० चा २४.२ चा. दुप्पट ऐकून लोक हुरळतात. व्हॉट्सॲपवर पाठवला की दोन्ही फोटो दाबून सारखेच लहान होतात. विहाराच्या भिंतीवर लावायला बारा बाय आठ इंचांचा फोटो काढला, तरी डी९० पुरतो. मेगापिक्सेल कामाला येतात ते कागदपत्रे टिपताना. ए४ आकाराचे पान फ्रेममध्ये नीट बसवले तर डी९० दर इंचाला सुमारे ३४० ठिपके देतो, डी३५०० सुमारे ४८०. दोन्ही चालतात. पण घरात जपून ठेवलेले जुने वर्तमानपत्र असेल, एकवीस-बावीस इंच उंच, तर डी९० दोनशेच्या खाली-वर येतो आणि बारीक टाइप फुटायला लागतो. नवा पावणेतीनशेच्या आसपास राहतो आणि मजकूर वाचता येतो. 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक कुणाच्या घरी निघाले तर आम्ही नवाच कॅमेरा काढतो.

आता अंधाराचा मुद्दा. आमचे बहुतेक कार्यक्रम रात्रीचे. १३ एप्रिलची मध्यरात्र, १४ ची मिरवणूक, विहारातल्या ट्यूबलाइटखालचे प्रवचन. अशा वेळी आयएसओ वाढवावा लागतो, म्हणजे सेन्सरवर आलेला थोडासा प्रकाश कॅमेरा ताणून मोठा करतो. ताणला की दाणे उठतात. डी९० चा आयएसओ नेहमीच्या वापरात ३२०० पर्यंत जातो, डी३५०० चा २५६०० पर्यंत. कागदावर हा आठपटीचा फरक दिसतो, पण कागदावरच. आमच्या डोळ्यांना डी९० वर १६०० पर्यंतचे फोटो बरे वाटतात आणि डी३५०० वर ३२०० पर्यंतचे. म्हणजे खरा फरक दुप्पट प्रकाशाएवढा.

याउलट भिंग बदलले तर काय होते बघा. सोबत मिळणारे १८-५५ चे भिंग ३५ मिलीमीटरवर साधारण एफ ४.५ एवढे उघडते. ३५ मिलीमीटरचे एफ १.८ भिंग लावले की सहापट प्रकाश आत येतो. दहा वर्षांच्या संशोधनाने दुप्पट दिले, एका साध्या भिंगाने सहापट. त्यामुळे कुणाकडे जुना डी९० धूळ खात पडला असेल तर तो विकू नका, त्याला हे भिंग घ्या. वर्गणीचे पैसे तिथे लागले तर सार्थकी लागतात.

भिंग घेताना मात्र एक खोच आहे, ती दुकानदार सांगेलच असे नाही. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, तोंडही एकाच मापाचे. तरीही डी३५०० सोबत येणारे एएफ-पी प्रकारचे भिंग डी९० वर बसते, पण फोकस होत नाही, हातानेही नाही. उलट, जुने ५० मिलीमीटरचे एएफ-डी भिंग डी९० वर व्यवस्थित चालते, कारण फोकस फिरवणारी मोटर डी९० च्या पोटात आहे. डी३५०० मध्ये ती मोटर नाही, त्यामुळे तिथे हाताने फोकस करावा लागतो. दोन्हींवर चालणारे हवे असेल तर नावात एएफ-एस लिहिलेले बघा. वर सांगितलेले ३५ चे भिंग त्या प्रकारातही मिळते.

जुन्या कॅमेऱ्याचा आणखी एक मोठेपणा आमच्या भागात जाणवतो. धूळ. उन्हाळ्यात फुफाटा, कापसाच्या हंगामात हिंगणघाट-देवळीकडे जिनिंगच्या आसपास हवेत तरंगणारे तंतू. भिंग बदलले की कण सेन्सरवर बसतो आणि प्रत्येक फोटोत आभाळात काळा ठिपका दिसतो. डी९० मध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे. डी३५०० मध्ये खर्च वाचवण्यासाठी ती काढून टाकली. म्हणून नव्यावर आम्ही बाहेर भिंग बदलतच नाही.

बॅटरी, वजन आणि मोबाइलला जोडणी या तीन बाबतींत मात्र नवा सरळ जिंकतो. कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जवर १५५० फोटो, जुन्यावर ८५०. नुसता कॅमेरा ३६५ ग्रॅम, जुना ६२०. ब्लूटूथवरून लहान आकाराचे फोटो मोबाइलवर आपोआप येतात, मोर्चा चालू असतानाच बातमीसोबत पाठवता येतात. जुन्याला कार्ड काढून रीडर शोधावा लागतो. कार्डही ३२ जीबीपर्यंतचेच घ्या, त्यापुढच्या प्रकारचे कार्ड त्या काळात आलेलेच नव्हते.

दोन्ही कॅमेऱ्यांत सारखीच असलेली एक अडचण आहे. आपल्या कार्यक्रमांत पांढरे कपडे असतात. पांढरे लुगडे, पांढरा सदरा, आणि चेहरे शेतात राबून रापलेले. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. पांढरे जास्त दिसले की ते प्रकाश कमी करते, कपडे करडे होतात आणि चेहरे काळवंडतात. वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपासमोर भर दुपारी गट उभा करून फोटो काढा, लगेच कळेल. आपल्या माणसांचे चेहरे अंधारात जाणे हा आपल्या रंगाचा दोष नव्हे, मोजमाप चुकले एवढाच अर्थ. उपाय सोपा: अधिक-उणेचे बटण दाबून एक घर अधिक करा, किंवा मीटर स्पॉटवर ठेवून चेहऱ्यावरच मोजा. शिवाय रॉ मध्ये काढलेला फोटो असेल तर काळवंडलेला चेहरा मागाहून उजळता येतो, आणि हे उजळणे डी३५०० जास्त सहन करतो. डी९० मध्ये सावलीत लगेच रंगीत दाणे येतात.

व्हिडिओबद्दल आम्ही महागात शिकलो. डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, पण एचडीत एका वेळी पाचच मिनिटे घेतो. ते आम्ही वाचले नव्हते. एका आजींनी वीस मिनिटे सांगितले, आमच्याकडे पाच आले. पुढच्या वेळी डी३५०० नेला. तो फुल एचडी देतो, चित्र सुंदर आले, पण आवाजात छताचा पंखा. बाहेरचा माइक जोडायची जागा दोन्ही कॅमेऱ्यांत नाही. तिसऱ्यांदा जायच्या आधी आजी गेल्या. त्यांचा चेहरा आमच्याकडे स्वच्छ आहे, बोलणे अर्धे कळते. दोष कॅमेऱ्यांचा नाही, आम्ही तयारी केली नव्हती.

तेव्हापासून आवाज वेगळा घेतो. छोटा रेकॉर्डर, तो नसेल तर कॉलर माइक लावलेला मोबाइल, फ्लाइट मोडवर टाकून. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, नंतर संगणकावर चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवायचे. घरात दिवे लावलेले असतील तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवायचे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने एरवी चित्रात पट्टे सरकताना दिसतात.

मग घ्यायचा कोणता? हातात काहीच नसेल तर डी३५०० किंवा त्याच्या तोडीचा. घरात डी९० असेल तर तोच ठेवा आणि पैसे या क्रमाने खर्च करा: आधी माइक, मग ३५ चे भिंग, मग साठवणीसाठी दोन हार्ड डिस्क. त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवायच्या. काही पोरे म्हणतात मोबाइल पुरे. मुलाखतीला पुरतोही. पण सभेत मागून बोलणाऱ्याचा चेहरा टिपायचा असेल तर लांबचे भिंगच लागते.

येत्या रविवारी सेलू तालुक्यात एका आजोबांकडे जायचे आहे. डी३५०० समोर, डी९० बाजूने फक्त फोटोंसाठी, रेकॉर्डर त्यांच्या मांडीजवळ. पंखा बंद केला तर चालेल का, हे त्यांनाच विचारणार आहोत. मेचे ऊन आहे, नाही म्हणाले तर पहाटे सहाला जाऊ.