मनगट नुसते मुरगळले का?

मागे एका पावसाळ्यात आमची आत्या परसातल्या शेवाळावरून घसरली. तोल सावरण्यासाठी तिने हात जमिनीवर टेकला आणि मनगट सुजले. ‘हाड मोडलेले नाही, मुरगळले आहे’ असे सांगून एका दवाखान्यातून पट्टी बांधून तिला घरी पाठविले. आंबेहळदीचे लेप झाले, सूजही उतरली. परंतु अंगठा व त्याशेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सुईत दोरा ओवता येईना. पाच आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी निदान केले : मनगटातले एक हाड जागा सोडून तळहाताकडे सरकले होते!

मनगट म्हणजे एकच सांधा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तेथे आठ लहान हाडे दोन ओळींत बसविलेली असतात. आतल्या ओळीत मधोमध ल्युनेट असते. ल्युना म्हणजे लॅटिनमध्ये चंद्र. हाडाचा आकारही कोरीसारखाच. (शरीरशास्त्रज्ञही कधीकधी कवी होतात म्हणायचे!) पसरलेल्या तळव्यावर अंगाचा भार पडला की मनगट मागे वाकते, हाडांना बांधणारे अस्थिबंध तुटतात आणि ल्युनेटपुढचे कॅपिटेट हे हाड मागे निसटते. आघात फारच जबर असेल तर ल्युनेट स्वतःच पुढे कलंडते. नेमकी तिथूनच अंगठ्याकडच्या बोटांची मज्जातंतू जाते. मुंग्या येतात त्या तिच्यावर दाब पडल्याने.

बाहेरून व्यंग फारसे दिसत नाही. जे दिसेल ते सुजेत झाकते. १६६ रुग्णांच्या १९९३ मधील एका पाहणीत चौथा हिस्सा रुग्णांचे निदान सुरुवातीला हुकलेले आढळले. तेव्हा भिस्त एक्स-रेवर. समोरून घेतलेल्या चित्रात या हाडांच्या कडा जोडल्या तर तीन सलग कमानी दिसाव्यात, असे गिलुला यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. कमान तुटलेली दिसली, किंवा एरवी चौकोनी भासणारे ल्युनेट त्रिकोणी दिसले, की संशय घ्यावा.

खरी साक्ष मात्र बाजूने काढलेल्या चित्राची. त्यात हाताचे हाड ही बशी, ल्युनेट हा तीवरचा कप आणि कॅपिटेट हे कपात ठेवलेले फळ, असे तिन्ही एका रेषेत असावे लागतात. कप बशीवर असून फळ मागे पडले असेल तर कॅपिटेट निखळले. कपच चहा सांडल्यासारखा तळहाताकडे कलंडला असेल तर ल्युनेट.

ताज्या दुखापतीत भूल देऊन हाड लवकर जागी आणतात. पुढे बहुधा शस्त्रक्रियेने अस्थिबंध शिवून तारा घालतात. आठवडे लोटले की हाड नुसते ओढून बसत नाही. आत्याचे मनगट उघडावेच लागले. मुंग्या गेल्या, पण हात पूर्वीसारखा वळत नाही.

तिचे पहिले पाकीट मी नंतर काढून पाहिले. आत एकच एक्स-रे होता, समोरून काढलेला, आणि त्यात ल्युनेट त्रिकोणी होते.