ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर: दुसरी पिढी की तिसरी?

पौडच्या एका पालकांनी विचारलं, "सर, मुलाला ओव्हरक्लॉकिंग शिकायचंय. जुना आय-फाइव्ह २५००के मिळतोय, ३५७०के पण. कोणता घेऊ?"

नवा तो चांगला, असं आपण पटकन म्हणतो. इथे तसं नाही.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. २५००केमध्ये १०० मेगाहर्ट्झ × ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ. नावातला 'के' सांगतो की हा ३३ आपल्याला वाढवता येतो. (गुणाकाराचा धडाच की!) मदरबोर्डही तसा हवा. एच६१ वर 'के' असून उपयोग नाही. पी६७, झेड६८ किंवा झेड७७ बघा.

२०११ ची दुसरी पिढी ३२ नॅनोमीटरची, २०१२ ची तिसरी २२ ची. तिसरी वीज कमी खाते, तेवढ्याच वेगात थोडं जास्त काम करते. पण वेग फार वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लहान चिपमध्ये ती एकवटते. शिवाय दुसऱ्या पिढीत चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर होतं, तिसरीत इंटेलने पेस्ट लावली. म्हणून ओव्हरक्लॉक केल्यावर तिसरी जास्त तापते.

तेव्हा नुसतं शिकायला २५००के घ्या, सोबत चांगला कूलर. पण घरात अभ्यासाला तोच एक कॉम्प्युटर असणार असेल तर दोन्ही नकोत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. मग आय-थ्री ८१०० शोधा. त्याचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही, पण मुळातच तो ३.६ वर चालतो.